वाळेल तो फर्मा आधी

सज्जनहो, जन्म देताना भगवंत माणसाच्या ओंजळीत एक घर ठेवतो आणि ते आवडले का, असे विचारत नाही. ते घर पुष्कळदा मायेचे असते. कधी कधी ते इतके मायेचे असते की त्यातून बाहेर पडायचे दारच सापडत नाही. अशा मायाळू कोंडीत छपन्न वर्षे काढलेल्या एका साध्या माणसाची ही हकिकत आहे. तो संत नव्हता, शूर नव्हता, फारसा बोलकाही नव्हता. तो पुस्तके शिवत असे.

घरात त्याला धाकटा म्हणत. डोक्यावरचे केस गेले, उरले ते पांढरे झाले, दोन दाढा पडल्या, तरी तो धाकटाच राहिला. त्याच्यानंतर घरात जन्मलेला पुतण्या मोठा होऊन साहेब झाला. धाकट्याच्या वाट्याला मात्र मोठेपण कधी आले नाही.

त्याचे कामाचे ठिकाण म्हणजे वाचनालयाच्या तळघरातली एक खोली. खिडकी एकच, तीही छताला लागून. तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांची फक्त पावले दिसत. एका कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र होते. त्याचे चाक फिरवले की दोन फळ्यांमध्ये पुस्तक निमूट बसे. टेबलावर खळीचा डबा, मेण लावलेला दोरा, जाड सुई, टोच्या आणि टीपकागदांची चळत. वर वाचकांच्या हातांनी जखमी झालेली पुस्तके जिना उतरून त्याच्याकडे येत आणि बरी होऊन वर जात. खाली राहायचे ते त्याने.

पुस्तक शिवायचे म्हणजे आधी ते उसवावे लागते. मोठ्या कागदाला घड्या घालून सोळा पानांचा जो जुडगा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक शिवत गेले की पुस्तक उभे राहते. धाकट्याचे सारे वाचन फर्म्यांचे. सुईखाली जो येईल तो वाचायचा. मागचा पुढे, पुढचा मागे, कशालाच ना नाही. त्यामुळे त्याला कित्येक खुनांचे खुनी ठाऊक होते, पण मेले कोण ते ठाऊक नव्हते. कित्येक नायिकांच्या लग्नांना तो हजर होता, पण त्यांची ओळख त्याला कुणी करून दिलेली नव्हती. आणि त्याला त्याचे काही वाटत नसे. अर्धेमुर्धे मिळाले तर त्याचीच घडी घालून खिशात ठेवायची सवय त्याला लहानपणापासून होती.

एके दिवशी ग्रंथपालबाई जिना उतरून आल्या आणि एक कादंबरी त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, “भाऊ, ही पुन्हा आली. सहा वर्षांत तिसऱ्यांदा! लोक वाचतात की चावतात, देव जाणे. वर पंधरा जण रांगेत आहेत. दोन आठवड्यांत द्या.”

धाकट्याने तिचा कणा सोडवला. सतरा फर्मे निघाले. नदीकाठी बंद पडलेला होड्यांचा एक धक्का, तिथले उतारूंचे ओस विश्रामगृह, आणि आयुष्याने निरनिराळ्या दारांतून बाहेर काढलेली पाच माणसे. एक निवृत्त परिचारिका, एक ट्रकवाला, एक मुका शिंपी, परीक्षेत नापास होऊन घर सोडलेली एक मुलगी, आणि एक आचारी. पाचांत रक्ताचे नाते कुणाचे नाही. पावसापासून आडोसा म्हणून आले आणि राहिले, एवढेच.

मग या पुस्तकात असे आहे तरी काय? सांगायला गेले तर काहीच नाही! राज्ये बुडत नाहीत, खजिने सापडत नाहीत. शिंपी न सांगता ट्रकवाल्याचा उसवलेला सदरा शिवून ठेवतो. आचारी भाजीत मीठ जास्त घालतो आणि चौघे मुकाट्याने जेवतात, कारण त्याला चव कळेनाशी झाली आहे हे त्यांना कळले आहे. कुणी कुणाचे नाही, आणि तरी एक परतला नाही तर पाचवे ताट झाकून ठेवले जाते. एवढ्यासाठी माणसे रांगा लावतात! कारण, सज्जनहो, आपल्याला वाढलेले ताट पुष्कळांना मिळते; आपली वाट पाहणारे ताट फार थोड्यांना मिळते.

पुस्तकाला सर्वांत जास्त कुठे प्रेम मिळाले आहे, ते बाईंडरला न वाचताही समजते. तिथे घडी फाटलेली असते, कडा मऊ पडलेल्या असतात. या कादंबरीचा दहावा फर्मा तसा झाला होता. त्यात आचारी आजारी पडतो. ट्रकवाला त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचतो. तिथे एक कागद भरायला देतात. त्यावर रकाना असतो, रुग्णाशी नाते. ट्रकवाला पेन हातात धरून किती तरी वेळ बसतो आणि मग त्या रकान्यात लिहितो, ‘आहे.’

त्या पानावर बोटांचे डाग होते. सुकलेले थेंब होते. समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, ‘आणखी एकदा.’

धाकट्याने नियमाप्रमाणे जास्त फाटलेला फर्मा आधी घेतला. घडीवर पातळ कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या, टीपकागदात ठेवून वजन दिले. सर्वांत शेवटी हाती येणार होता तो चौथा फर्मा. त्यावर कुणीतरी चहाचा अख्खा पेला पालथा केलेला होता आणि पाने एकमेकांना चिकटली होती. तो सोडवायचा आणि वाळवायचा म्हणजे आठवडा जाणार. वाळेल तो फर्मा आधी हातात येणार, हे बाईंडिंगचे शास्त्रच आहे.

आता घराकडे वळू. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि दादा तेवीसचा. दादाने स्वतःचे पुढचे शिक्षण सोडले, शाळेत नोकरी धरली आणि धाकट्याला वाढवले. स्वतःला एक सदरा, धाकट्याला दोन. ताप आला तर रात्रभर कपाळावर ओला हात. हे खोटे नाही. हे खोटे असते तर धाकट्याचे काम किती सोपे झाले असते! तेविसाव्या वर्षी धाकट्याला परगावच्या छापखान्यात काम लागले. तो गेला. अकराव्या दिवशी दादाचा पाय मोडल्याची तार आली आणि तो परत आला. दादाचा पाय तीन महिन्यांत बरा झाला. धाकट्याची पिशवी पुन्हा भरली गेली नाही. मग दादाने ओळखीने वाचनालयात चिकटवून दिले. लग्नाचे पाहू पाहू म्हणता पाहणारे थकले. पाणी भरणे, सिलिंडर आणणे, पुतण्याला शाळेत पोचवणे, वहिनींच्या गोळ्या, दादाच्या डोळ्यांतले थेंब, सगळ्याला एकच उत्तर होते, ‘धाकटा आहे ना.’

दादा मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले आणि काचबिंदूने त्यांची नजर नेली. समोर कोणी बसले आहे एवढे दिसे, कोण ते आवाजावरून. रोज संध्याकाळी सहाला धाकट्याने वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. उच्चार चुकला की सत्तर वर्षांच्या मुख्याध्यापकांची छडी शब्दांतून चाले.

आणि मग पुतण्याचा फोन आला. दूरच्या शहरात त्याने मोठे घर घेतले होते. आईवडिलांना कायमचे बोलावले होते. महिनाअखेरीस ट्रक येणार.

“भाऊजी, तुमचा पलंग किती लांब हो?” वहिनी मोजपट्टी घेऊन आल्या. “तिकडे मागे सामानाची खोली आहे म्हणे. मावायला हवा ना!”

धाकट्याने पट्टीचे एक टोक स्वतःच धरले. पलंग सहा फूट भरला. खोली सव्वासहा होती.

“बसतोय की!” वहिनी आनंदाने म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. पलंग बसला म्हणजे माणूस बसला, असे त्यांना मनापासून वाटत होते.

“पण माझं काम, वहिनी...”

“पुस्तकं काय, तिथेही फाटतात!”

विषय संपला.

सोमवारी दुपारी एकला तळघरात तीन डबे उघडले. रोजच उघडत. धाकट्याचा एक. दुसरा मावशीचा, ती वीस वर्षे त्याच्याशेजारी बसून खळ शिजवी आणि कापड कापी. तिसरा घड्याळवाल्यांचा. त्यांनी दुकान केव्हाच बंद केले होते, आता ते वर पेपर वाचायला येत आणि जेवायला खाली उतरत. त्यांचे घर दुमजली होते. खालच्या खोल्यांत मावशी राही, वर एक खोली रिकामी होती.

“भाऊ, तोंड असं का? खळ करपल्यासारखं,” मावशी म्हणाली.

“महिनाअखेरीस जायचंय. पुतण्याकडे. सगळेच जातायत.”

“सगळे जातायत ते ऐकलं. तुम्ही जाताय का?”

धाकटा डब्यात पाहत राहिला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता, म्हणून त्याचे उत्तर त्याने कधी तयार ठेवले नव्हते.

घड्याळवाले घास गिळून म्हणाले, “वरच्या खोलीत ऊन येतं. ये राहायला. शनिवारपर्यंत सांग मात्र. रविवारी एक जण खोली बघायला येणार आहे. त्याला हो म्हटलं की मला शब्द फिरवता येणार नाही.”

“आणि हे पहाटे गातात,” मावशी म्हणाली. “आधीच सांगते. नंतर माझ्या नावाने ओरडायचं नाही.”

“गातो? रियाज करतो मी!”

“तोच तो. कुत्री पण उठून बसतात.”

धाकटा हसला आणि हसता हसता त्याला भीती वाटली. कारण मनाने हो म्हटले होते. आता ते दादाला सांगायचे होते.

त्या दिवशी संध्याकाळी निघताना त्याने बत्तीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. उसवलेल्या पुस्तकाचे पान वाचनालयाबाहेर न्यायचे नाही, असा नियम. त्याने वाळलेला दहावा फर्मा दोन पुठ्ठ्यांत घालून पिशवीत ठेवला. रात्रीपुरता जवळ असावा, एवढाच हेतू.

घरात शिरताच तो धीर करून म्हणाला, “वहिनी, मला जरा...”

“हो, जरा ती माळ्यावरची ट्रंक उतरवा.”

ट्रंक उतरली. तो दादाकडे गेला. “दादा, एक बोलायचं होतं.”

“बोल. आधी थेंब घाल.”

दादांनी मान मागे टाकली. धाकट्याने एका हाताने पापणी उघडली. ज्या चेहऱ्याकडे पाहत तो वाढला, तो चेहरा विश्वासाने तोंड वर करून त्याच्या हाताखाली होता. अशा वेळी कोण काय बोलणार! थेंब डोळ्यात पडला आणि शब्द घशात राहिला.

“पेपर वाच.”

“आज आला नाही. छापखान्याला काल सुट्टी होती.”

“मग काहीतरी वाच. सहा वाजलेत.”

पिशवीत होते तेच निघाले.

“कादंबरी?” दादांनी नाक मुरडले. “रिकामटेकड्यांचा खुराक. बरं, वाच.”

धाकट्याने वाचले. आचाऱ्याचे आजारपण, पाठीवरून नेणे, उशाशी कोण बसणार यावरून चौघांचे भांडण, तो रकाना.

“‘आहे’?” मुख्याध्यापक कडाडले. “हे काय उत्तर झालं? रकाना अपूर्ण! शून्य गुण!”

धाकटा थांबला. मग दादाच म्हणाले, “बरोबर आहे म्हणा. दुसरं काय लिहिणार तो? पुढे?”

मंगळवारी पेपर आला. दादांनी तो हाताने बाजूला सारला. “आचारी जगला का?”

मंगळवारी चौदावा वाळला होता, बुधवारी सातवा, गुरुवारी बारावा. जसा वाळला तसा वाचला. आचारी एका दिवशी बरा होऊन गाणे गुणगुणे, दुसऱ्या दिवशी त्याला अजून ताप यायचाच असे, तिसऱ्या दिवशी तो अंथरुणात. दादांना वाटे, पुन्हा आजारी पडला. “प्रकृती नाजूक आहे बिचाऱ्याची,” ते म्हणत. वहिनी सुतळ्या बांधत भिंतीआडून ऐकत. घर रिकामे होत चालले होते, आणि त्या रिकाम्या घरात पाच परकी माणसे रोज संध्याकाळी राहायला येत.

“असं माणूस घरात असावं रे,” गुरुवारी दादा म्हणाले. “कुणाकडे काही मागत नाही, सगळ्यांचं करतो. त्याचं करणारेही बघ कसे! विचारतात त्याला. काय हवं, काय नको. मला आवडला तो.”

धाकट्याने ऐकले. जेवणानंतर त्याने पुन्हा तोंड उघडले. “दादा...” तेवढ्यात पुतण्याचा फोन वाजला. ट्रक तीन दिवस आधी येणार होता.

शुक्रवार उजाडला. चहात भिजलेला चौथा फर्मा अखेर सुटला, वाळला. धाकट्याने तो न वाचताच घरी आणला. दिवसभर दाबयंत्राशी झुंजण्यात सवड मिळाली नव्हती. सहा वाजले. दादा आरामखुर्चीत बसले होते. सामान खोक्यांत गेल्याने खोलीत आवाज घुमत होता.

धाकट्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर त्याच्या पायांखालची फरशी सरकली. धक्क्यावर येण्याआधी आचारी कोण होता, ते या फर्म्यात होते. तो आपल्या थोरल्या भावाच्या घरी राही. वीस वर्षे त्या घराची चूल त्याने सांभाळली. भावाने त्याला मारले नाही, उपाशी ठेवले नाही. उलट त्याच्यावर जीव होता. फक्त कधी काही विचारले नाही. आणि एका पहाटे, घर झोपेत असताना, आचारी भाजीच्या पिशवीत दोन कपडे घालून निघाला आणि परतला नाही.

पुढे वाचू नये, असे धाकट्याला वाटले. पाने चिकटली आहेत, असे सांगता आले असते. नजर नसलेल्या माणसाला काहीही सांगता येते. पण ज्याने अक्षर शिकवले त्याच्यासमोर धाकट्याची जीभ खोटे वाचायला वळली नाही. तो वाचत राहिला. आवाज सुकत गेला. वाचत राहिला.

“थांब,” दादा म्हणाले. “पान कितवं?”

“एकोणसाठ.”

“आणि ते दवाखान्याचं?”

“एकशे... एकशे पन्नासच्या आसपास.”

“म्हणजे हे आधीचं आहे!” दादा खुर्चीत ताठ झाले. “पाच दिवस तू मला उलटंसुलटं वाचून दाखवतोयस? बत्तीस वर्षं पुस्तकं शिवतोस आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं असतं हे ठाऊक नाही तुला?”

“जो फर्मा वाळला तो आणला, दादा. आमचं वाचन असंच असतं.”

“गाढवा!” आणि मग आवाज खाली आला. “हे मी पहिल्या दिवशी ऐकलं असतं ना, तर पुस्तक भिरकावलं असतं. भावाला टाकून जाणारा माणूस! एक अक्षर पुढे ऐकलं नसतं.” दादांचे बोट खुर्चीच्या हातावर घड्याळाच्या लोलकासारखे हलत होते. “आता काय करू? आता मला तो आवडून बसलाय.”

बाहेर वहिनींनी कुठल्या तरी खोक्याला शेवटची गाठ मारली.

“चुकलाच तो,” दादा पुन्हा म्हणाले. स्वतःशी वाद घालावा तसे. “गेला ते एक वेळ समजू. पण न सांगता? भाऊ सकाळी उठला असेल, हाका मारल्या असतील. सांगून जायला हवं होतं त्याने.”

सज्जनहो, भगवंत दार उघडतो तेव्हा ते राजवाड्याचे नसते. बोटभर फट असते, आणि तीही क्षणभर.

“दादा,” धाकटा म्हणाला, “मी सांगून जातो.”

दादांचे बोट थांबले.

“मी येत नाही तुमच्याबरोबर. इथेच राहणार. आमच्या घड्याळवाल्यांची वरची खोली आहे. खाली मावशी असते, आमच्याच खोलीत काम करणारी. उद्या त्यांना हो सांगणार आहे.”

एका दमात बोलून झाले. छपन्न वर्षांचे बोलणे, आणि पाच वाक्यांत संपले. धाकटा मार खाण्यासाठी थांबलेल्या मुलासारखा थांबला. पण मार आला नाही. दादांचा चेहरा आवाजाच्या दिशेने वळला; डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी पाहत राहिले.

“ते कोण लागतात तुझे?”

धाकट्याने उत्तर शोधले. सापडले ते ओठांवर आणण्याचे धाडस त्याला झाले नाही. ते दुसऱ्याच्या पुस्तकातले होते. तो म्हणाला, “रोज एकत्र जेवतो आम्ही.”

“आणि मला पेपर कोण वाचून दाखवणार?”

हा खरा प्रश्न होता. यात कावा नव्हता, राग नव्हता. एका आंधळ्या माणसाची संध्याकाळ होती. या घरातल्या प्रत्येक अडचणीला धाकट्याकडे उत्तर असे. नसले तर तो स्वतःच उत्तर होई. आताही जिभेवर आले होते, येतो मी, राहू द्या. ते शब्द त्याने दातांमागे धरून ठेवले. धरताना जे दुखले त्याला नाव नाही.

“माहीत नाही, दादा.”

“भाऊजी!” आतून हाक आली. “कात्री कुठे ठेवलीत?”

अंग सवयीने उठू लागले. तेवढ्यात दादांनी हात पुढे केला, हवेत चाचपडला आणि धाकट्याचे मनगट पकडले.

“तो वाचतोय,” दादा आतल्या दिशेने म्हणाले. “तूच शोध.” आणि मग त्याला, “फर्मा संपला का?”

“पाच पानं आहेत.”

“मग वाच. सावकाश. विराम गिळू नकोस.”

धाकटा वाचू लागला. आचारी अंधारातून चालत धक्क्याशी पोचतो, पाऊस येतो, विश्रामगृहाच्या पडवीत कुणीतरी आधीच बसलेले असते. ती एक परिचारिका असते, आणि ती नाव न विचारता बाजूला सरकून जागा करते. दादांचे डोळे मिटले होते, ओठ आवळलेले होते. मनगटावरची पकड सैल झाली नव्हती. जुनी, हाडांची, ताप तपासणारी पकड. तिच्यात राहा होते की जा होते, ते धाकट्याला कळले नाही, आणि बहुधा दादांनाही नाही. पानाची शेवटची ओळ आली. पान उलटायला पकडलेलाच हात हवा होता. धाकट्याने दादांची बोटे एकेक करून सोडवली, त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर अलगद ठेवला आणि पान उलटले.